क्लच दाबला की चूं: गिअरबॉक्स उतरवण्याआधी आवाज कुठला ते शोधा

क्लचच्या आवाजाचं निदान करताना आवाज कसा आहे याहून तो पेडलच्या कोणत्या जागी सुरू होतो आणि कोणत्या जागी थांबतो, हे जास्त महत्त्वाचं. चूं-चूं, किर्र, शीळ, घरघर या शब्दांवर दोन माणसांचं एकमत होत नाही. एकाची किरकिर ती दुसऱ्याची कुरकुर. पेडल खाली जाताना कोणत्या क्षणी कोणता भाग फिरायला लागतो आणि कोणता थांबतो, हे मात्र ठरलेलं असतं. ते डोक्यात बसलं की बरंचसं निदान ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच दहा-पंधरा मिनिटांत होतं. हे न करता थेट गिअरबॉक्स उतरवला की काय होतं ते अनेक गाडीमालकांना ठाऊक आहे: नवा क्लच सेट पडतो, बिल भरून गाडी बाहेर निघते आणि पहिल्याच सिग्नलला पेडल पुन्हा कुरकुरतं. दोष पेडलच्या नायलॉन बुशमध्ये, म्हणजे पेडलच्या पिनभोवतीच्या छोट्या बाहीमध्ये होता.

आत नेमकं काय हलतं

पेडलवर पाय नसताना फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाची जड चकती), प्रेशर प्लेट (तिच्यावर बोल्टने बसवलेली, स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्लेट), क्लच प्लेट (या दोघींमध्ये दाबली जाणारी घर्षणाची चकती) आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा) एकत्र, इंजिनाच्या वेगाने फिरतात. गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी इनपुट शाफ्ट फिरतच असतो, आणि त्याला धरून ठेवणारं बेअरिंगही.

पेडल थोडं दाबलं की मोकळी चाल, म्हणजे पेडलचा काहीच न ढकलणारा सुरुवातीचा प्रवास, संपते आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायाफ्रामच्या, म्हणजे ताटलीसारख्या स्प्रिंगच्या, बोटांवर टेकतं. गॅरेजात यालाच थ्रस्ट बेअरिंगही म्हणतात. इथून पुढे ते भाराखाली फिरतं. आणखी दाबलं की क्लच प्लेट सुटते. इंजिन फिरत राहतं, इनपुट शाफ्ट मात्र मंदावत जातो आणि गिअर टाकला की उभ्या गाडीत पूर्ण थांबतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, जिप्सी यांसारख्या उभं (गाडीच्या लांबीला बसवलेलं) इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्यांत इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये बसलेलं असतं. एरवी दोन्ही भाग एकाच वेगाने फिरत असल्यामुळे या बेअरिंगला काही काम नसतं. क्लच पूर्ण सुटला, की क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला असतो, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने फिरतं. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या आणि आडवं इंजिन असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पायलट बेअरिंग नसतंच. अशा गाडीत कुणी ‘पायलट गेलंय’ म्हणालं तर दाखवायला सांगा.

एक पोटभेद लक्षात ठेवायला हवा. केबलच्या क्लचमध्ये, म्हणजे मारुती ८००, ओम्नी, जुन्या अल्टोसारख्या गाड्यांत, पेडल सोडल्यावर रिलीज बेअरिंग बोटांपासून किंचित सुटं राहावं म्हणून मोकळी चाल ठेवलेली असते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या बऱ्याच गाड्यांत ते कायम हलकं टेकलेलंच असतं आणि सतत फिरतं. म्हणून एकाच आवाजाचा अर्थ दोन गाड्यांत वेगळा निघू शकतो.

पहिली फेरी: इंजिन बंद

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली अडकणीचे ठोकळे लावलेले. रबरी मॅट काढून ठेवा. पावसाळ्यात ओल्या चपलेचा तळवा पेडलच्या रबरावर घासून अगदी क्लचसारखाच चूं करतो, म्हणून ही फेरी पायाऐवजी हाताने पेडल दाबून करा. हास्यास्पद वाटेल, पण ही शक्यता आधी बाद झालेली बरी.

पेडल दहा वेळा सावकाश आणि दहा वेळा झटकन दाबा. इंजिन बंद असताना आवाज आला तर इंजिनाच्या वेगाने फिरणारा कुठलाही भाग दोषी नाही, कारण काहीच फिरत नाहीये. मग उरतात पेडलचा पिन आणि बुश, पेडलची परतीची स्प्रिंग, पेडलच्या टोकाला घासणारा क्लच स्विच, केबल किंवा मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलकडचा आणि गिअरबॉक्सकडचा), आणि बेल हाउसिंगमधला, म्हणजे क्लचवरच्या घंटेच्या आकाराच्या आवरणातला फोर्क, जो रिलीज बेअरिंगला ढकलतो.

आता दोन माणसं लागतील. एकाने पेडल दाबत राहायचं, दुसऱ्याने आधी डॅशबोर्डखाली, मग बॉनेट उघडून फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी) आणि शेवटी गिअरबॉक्सवरच्या फोर्कपाशी कान द्यायचा. कानापेक्षा बोट जास्त खरं बोलतं. संशयित सांध्यावर बोट टेकवलं की आवाजाच्या क्षणी बारीक थरथर जाणवते. पेडलच्या पिनवर थरथर आणि फोर्कवर काही नाही, तर शोध तिथेच संपला.

तरीही नक्की होत नसेल तर साखळी तोडा. हायड्रॉलिक गाडीत मास्टर सिलिंडरचा पुशरॉड ज्या पिनने पेडलला जोडलेला असतो ती पिन काढा आणि नुसतं पेडल हलवा. आवाज राहिला तर पेडल किंवा स्प्रिंग, गेला तर सिलिंडर किंवा त्याच्या पुढचं काहीतरी. केबलच्या गाडीत गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून पेडल दाबा आणि फोर्कचा दांडा वेगळा हाताने हलवून पाहा.

तेलाचा फवाराही निदानाला वापरता येतो, पण एका वेळी एकाच जागी. आधी पिनवर, दहा वेळा पेडल दाबा, ऐका. मग स्प्रिंगच्या टोकांवर. सगळीकडे एकदम फवारलं की आवाज जातो, पण तो कुठला होता हे कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी तो परत येतो. बेल हाउसिंगच्या भोकातून किंवा फोर्कच्या रबरी बुटातून मात्र आत कधीच फवारू नका. ते तेल क्लच प्लेटवर पडलं तर किरकिरीच्या जागी घसरणारा क्लच पदरात पडेल.

दुसरी फेरी: इंजिन चालू

मोकळ्या हवेत करा, बंद गॅरेजात नको. एसी, ब्लोअर, गाणी बंद. गिअर न्यूट्रलमध्ये. एकदा सकाळी थंड इंजिनावर आणि एकदा अर्धा तास गाडी चालवून झाल्यावर, अशी दोनदा चाचणी घेतली तर बरं, कारण काही बेअरिंगं थंड असतानाच ओरडतात, तर काही ग्रीस पातळ झाल्यावर.

पेडल मोकळं ठेवून मिनिटभर ऐका. मग पेडल जेमतेम दाबा, नुसती मोकळी चाल संपेल एवढंच, आणि तिथे धरा. मग अर्ध्यावर. मग पूर्ण तळाला, आणि दहा सेकंद तसंच. शेवटी ब्रेक दाबून, पेडल तळाला ठेवून पहिला गिअर टाका आणि ऐका. प्रत्येक टप्प्याला आवाज आहे की नाही, वाढला की कमी झाला, हे कागदावर लिहा. पुढे मेकॅनिकशी बोलताना हा कागद कामाला येतो.

पेडल मोकळं असताना शांत, मोकळी चाल संपताच चूं किंवा किर्र सुरू, आणि जितकं दाबाल तितका आवाज वाढतो: हे रिलीज बेअरिंग. त्यातलं ग्रीस संपलेलं असतं किंवा गोळ्या आणि त्यांचे मार्ग खरबडलेले असतात. खात्रीसाठी फोर्कचा दांडा बाहेर दिसत असेल तर इंजिन चालू असताना तो हाताने किंचित दाबा आणि सोडा. दाबताच आवाज बदलला तर शंका राहत नाही. हे करताना बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी पंखा आणि पट्ट्यापासून लांब.

याच्या अगदी उलट लक्षण म्हणजे न्यूट्रलमध्ये पेडल मोकळं असताना घरघर किंवा बारीक गुंजन, जे पेडल पूर्ण दाबल्यावरच जातं. हे गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ओळखायची खूण छान आहे: पेडल तळाला नेल्यावर आवाज फटकन तुटत नाही, शाफ्ट मंदावतो तसा त्याचा सूर एक-दोन सेकंदांत खाली उतरत जातो. इथे क्लच सेट बदलून उपयोग नाही. आधी गिअर ऑइलची पातळी तपासा. ऑइल कमी असताना चाललेल्या गिअरबॉक्सचं बेअरिंग लवकर जातं, आणि गळती न शोधता नवं टाकलं तर तेही जाईल.

या दोघांमध्ये एक फसवं लक्षण आहे. पेडल मोकळं असताना चिमणीसारखी चिवचिव, आणि पेडलवर नुसता पाय ठेवला, पाच-दहा मिलिमीटर दाबलं, की गप्प. पुष्कळ जण याला इनपुट बेअरिंग समजतात. पण एवढ्या कमी दाबाने क्लच सुटत नाही, इनपुट शाफ्ट पूर्ण वेगाने फिरतच असतो. मग ते बेअरिंग गप्प कसं होईल? इथे रिलीज बेअरिंग बोटांवर धड टेकलेलंही नसतं आणि सुटलेलंही नसतं. ते घसरतं, फिरतं, पुन्हा घसरतं आणि चिवचिवतं. किंवा फोर्क आपल्या कोरड्या गोल टेकूवर थरथरत असतो. केबलच्या गाडीत नुसती मोकळी चाल नीट लावल्याने हे जाऊ शकतं. पाच मिलिमीटरला थांबलेला आवाज आणि तळाला थांबलेला आवाज यांतल्या फरकावर गिअरबॉक्स उघडायचा की नाही हे ठरतं, म्हणून ही चाचणी दोन-तीनदा करा.

अर्ध्या पेडलपर्यंत शांत, क्लच पूर्ण सुटल्यावर आणि गिअर टाकल्यावरच कर्कश आवाज: गाडीत पायलट बेअरिंग किंवा बुश असेल तर तोच संशयित. सोबत रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर संशय पक्का होतो, कारण अडकू लागलेलं पायलट बेअरिंग शाफ्टला थांबू देत नाही.

पेडल सोडताना, गाडी हलू लागते त्या चावण्याच्या जागीच किंचाळणं किंवा थरथर असेल, तर बेअरिंग बाजूला ठेवून घर्षणाच्या पृष्ठभागांकडे वळा. क्लच प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं, त्यावर तेल आलेलं असतं किंवा रिवेट उघडे पडून फ्लायव्हीलला चरे पाडत असतात. खंबाटकीसारख्या चढावर वाहतूक अडकली असताना हँडब्रेक न वापरता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं हे अस्तर गुळगुळीत होण्याचं नेहमीचं कारण. पावसाळ्यात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पहिल्या दोन-चार वेळा गाडी उचलताना असा आवाज येऊन नंतर गेला तर तो फ्लायव्हीलवरचा वरवरचा गंज. त्याला काही करू नका.

न्यूट्रलमधली खडखड, विशेषतः डिझेल गाडीत, पेडल दाबताच जात असेल तर क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील) थकलं आहे. तो वेगळा विषय.

क्लचचं नाव, दुसऱ्याचा दोष

आल्टरनेटरचा पट्टा थंडीत आणि दमट सकाळी किंचाळतो, आणि त्याच वेळी तुम्ही गाडी सुरू करायला क्लच दाबलेला असतो. बॉनेट उघडून, चालू इंजिनावर, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर लांबूनच थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर गेला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर पट्टा ढिला आहे.

याहून गंभीर गोष्ट क्वचित सापडते. क्लच दाबताना रिलीज बेअरिंग सगळा क्रँकशाफ्ट पुढे ढकलत असतं. तो जोर क्रँकचे थ्रस्ट वॉशर पेलतात. ते झिजले की क्लच दाबताच घासण्याचा आवाज येतो, कधी इंजिनाची गतीही पडते. इंजिन बंद ठेवून दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि क्रँकच्या पुलीकडे नजर लावा. तिची पुढे-मागे चाल मिलिमीटरच्या काही दशांशांपुरतीच असायला हवी. डोळ्यांना सहज दिसण्याइतकी पुली हलली तर क्लचचा विचार सोडा आणि इंजिनाच्या कारागिराला दाखवा. अशी गाडी चालवत राहिलात तर थ्रस्ट वॉशर निखळून क्रँक आणि ब्लॉकच खराब होतो.

गिअरबॉक्स न उतरवता होणारी कामं

पेडलचा पिन धातूचा आणि बुश धातूचा असेल तर लिथियम ग्रीस चालतं. बुश नायलॉनचा असेल तर सिलिकॉन ग्रीस. बुश अंडाकृती झाला असेल, म्हणजे पेडल आडवं हलत असेल, तर ग्रीस लावून वेळ मारून नेऊ नका, बुश बदला. मिळतो स्वस्तात. खरी मेहनत डॅशखाली उलटं झोपून तो बसवण्यात आहे.

केबल बाहेर काढून हाताने ओढा. सरळ धरल्यावर आतली तार लोण्यासारखी सरकली पाहिजे. खरखर लागली, एखादा धागा तुटलेला दिसला किंवा वरचं आवरण सायलेन्सरजवळ वितळलेलं असेल तर नवी टाका. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने टोकाकडून गंज आत शिरतो. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतायचा मोह टाळा, धूळ धरून ती आणखी जड होते. नवी केबल बसवताना वळणं जुन्याइतकीच सैल ठेवा आणि मोकळी चाल गाडीच्या पुस्तिकेत दिलीय तेवढी लावा. छोट्या गाड्यांत ती साधारण १५-२५ मिलिमीटरच्या आसपास असते. चाल कमी ठेवली तर रिलीज बेअरिंग कायम घासतं आणि क्लच घसरतो, जास्त ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतात.

हायड्रॉलिक गाडीत मास्टर सिलिंडरचा रबरी बूट पेडलच्या बाजूने सरकवून पाहा. आत ओल दिसली तर सील गेलंय, ग्रीस लावून भागणार नाही. या सिलिंडरांत फक्त टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल, डॉट-३ किंवा डॉट-४. साधं ऑइल किंवा ग्रीस आत गेलं की रबर फुगतं आणि पूर्ण सिलिंडर बदलावा लागतो. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

गिअरबॉक्स उतरलाच तर

एकदा गिअरबॉक्स खाली आला की मजुरी देऊन झालेली असते. त्यामुळे नुसतं बेअरिंग बदलून वर चढवणं ही खोटी बचत. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. प्लेट अगदी नवी असेल तरच अपवाद करा. पण जुने भाग फेकायच्या आधी स्वतः पाहा, आवाजाचं कारण त्यांच्यावरच लिहिलेलं असतं.

बेल हाउसिंगमधली काळी भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू नका, जुन्या प्लेटींमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर आणि ओलं फडकं वापरा. रिलीज बेअरिंग तळहाताने दाबून फिरवा. एखाद्या जागी अडलं, खरखरलं तर तेच. ते सीलबंद असतं, रॉकेलमध्ये धुतलं की आतलं ग्रीस जातं आणि नवं बेअरिंगही महिन्यात ओरडू लागतं. डायाफ्रामची बोटं एका पातळीत आहेत का पाहा. बेअरिंग टेकतं तिथे अर्ध्या मिलिमीटरहून खोल खाच पडली असेल किंवा एखादं बोट खाली बसलं असेल तर प्रेशर प्लेट बाद. क्लच प्लेटच्या रिवेटची खोली व्हर्निअरने मोजा. ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर आली की प्लेट संपली. फ्लायव्हीलवर निळसर-काळे डाग किंवा नखाला लागणारे चरे असतील तर लेथवर घासून घ्या. ड्युअल मास फ्लायव्हील मात्र लेथवर लावायचं नसतं.

तेल दिसलं तर वास घ्या. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, इनपुट शाफ्टचं सील गेलं. काळं आणि जळकट असेल तर इंजिनाचं मागचं सील. ते आत्ताच बदला.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते फोर्क आणि त्याच्या टेकूकडे. टेकूचा गोळा चपटा झाला असेल, फोर्कला भोक पडत आलं असेल, किंवा बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिच्यावर पायरी तयार झाली असेल, तर नवा सेटही चिवचिवणारच. टेकू, फोर्कची दोन टोकं आणि धातूची नळी यांवर मॉलिब्डेनमचं उष्णता सोसणारं ग्रीस बोटाने पातळ फासा. बेअरिंगची आतली बाही प्लास्टिकची असेल तर नळी कोरडीच ठेवा. शाफ्टच्या खाचांना तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं ग्रीस पुरे. प्लेट दोन-तीनदा मागे-पुढे सरकवून बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त लावलं तर फिरताना उडून अस्तरावर जातं.

प्लेट मधोमध धरायला सेंटरिंग टूल वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळलं की प्लेट वाकते आणि क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. बदललेले भाग घरी घेऊन या.

किती दिवस चालवता येईल

पेडल किंवा केबलच्या बुशचा आवाज महिनाभर ऐकलात तरी गाडी अडणार नाही. तुटत आलेल्या केबलचं तसं नाही, ती भर रस्त्यात जाते. रिलीज बेअरिंग नुसतं किरकिरत असेल तर गावातल्या गावात काही दिवस निघतात, पण घरघर आणि पेडलमध्ये थरथर सुरू झाली की लांबच्या प्रवासाला निघू नका. अडकलेलं बेअरिंग बोटं खाऊन टाकतं आणि मग क्लच सुटायचाच बंद होतो. स्लेव्ह सिलिंडर आणि बेअरिंग एकत्र असलेल्या गाड्यांत तर सील फाटून सगळं ब्रेक ऑइल बेल हाउसिंगमध्ये उतरतं आणि पेडल तळाला पडून राहतं. तोवर सिग्नलला पेडल दाबून धरण्याऐवजी न्यूट्रल करून पाय काढा. चालताना पाय पेडलवर टेकवायची सवय असेल तर ती आजच सोडा, डाव्या पायाला तिथे शेजारी जागा दिलेली असते. केबल बदलली असेल तर ५०० ते १००० किलोमीटरनंतर ती थोडी ताणली जाते, तेव्हा मोकळी चाल पट्टीने पुन्हा मोजून घ्या.